अकरा ते दोन

आमच्या खापरखेड्यात खिडकीची चौकट सकाळी पुसली तरी दुपारी बोटाला राख लागते. १३४० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राच्या सावलीत वाढले. पुसायचं ते वरून खाली, हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. पेंचकडच्या रिसॉर्टवर खोल्या आवरताना तेच कामी येतं.

अकराला पाहुणे निघतात, दोनला नवे येतात. आधी खिडक्या उघडायच्या, मग चादरी, अभ्रे, टॉवेल काढायचे. चादर तशीच गुंडाळायची नाही. तिच्यात चष्मे, कानातले, लहान मुलांचे मोजे निघतात. बाथरूममध्ये औषध टाकून ठेवलं की ते मुरेपर्यंत पलंग होतो. फरशी शेवटी, मागे सरकत दारापर्यंत.

आज उशीखाली बोटभर लाकडी वाघ सापडला. पिशवीत घालून खोलीचा नंबर, तारीख लिहिली, ऑफिसात दिला. सोबतच्या मावशी म्हणाल्या, "पोरगं रडत असंन बाप्पा तिकडे." दुपारभर तेच डोक्यात.

पांढऱ्या चादरीवरचा केस मी नेहमी तिरपं वाकून, उजेडाकडे बघत शोधते. तो एक राहिला तर बाकी सगळी मेहनत मातीत जाते. आज तीन वाजता डबा उघडला. वाघासाठी फोन अजून आला नव्हता.