पेटी हवाली करताना

कोकणातील जुन्या घरांच्या माळ्यावर समया, पेटारे आणि पितळी हंडे यांच्या संगतीस एखादी हार्मोनियमची पेटी हटकून सापडते, आणि ती तेथे कशी आली याचा शोध घेऊ लागले असता बहुधा असे आढळते की, घरातील जो कोणी ती वाजवीत असे तो पोटापाण्यासाठी मुंबईस गेला, तेथेच स्थायिक झाला, आणि पेटी ना त्याच्याबरोबर गेली ना मागे राहिलेल्यांच्या उपयोगी पडली. गिरगाव-दादरच्या बिऱ्हाडांत ज्या पेट्या गेल्या, त्यांची कथाही फारशी निराळी नाही. चाळी पाडल्या गेल्या, त्यांच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, दोन खोल्यांच्या तीन झाल्या; परंतु पेटी ठेवण्यापुरती जागा मात्र त्या वाढीव क्षेत्रफळात कोणास सापडेना. आणि इकडे असगोली, पालशेत, वरवेली अशा गावांच्या वाड्यावाड्यांतून भजनाला बसणारी पोरे एका पेटीभोवती कोंडाळे करून आपली पाळी केव्हा येते याची वाट पाहत असतात. जेथे वाद्य आहे पण हात नाहीत तेथून ते उचलावे आणि जेथे हात आहेत पण वाद्य नाही तेथे पोहोचते करावे, हा उद्योग मी सेवानिवृत्त होऊन गुहागरास येऊन राहिल्यावर अंगावर घेतला.

त्यास निमित्त मात्र पावसाचे झाले. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि बाजारपेठ, घरेदारे, लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिरातील ग्रंथसंपदा, सर्व काही चिखलाच्या हवाली झाले. पाणी ओसरल्यावर एका आप्तांच्या घराची साफसफाई करण्यास गेलो असता, रस्त्याच्या कडेला रचलेल्या ढिगांत गाद्या, कपाटे आणि भिजून फुगलेल्या वह्या यांच्यावर कोणीतरी एक पेटी आणि तबल्याची जोडी आणून टाकलेली दिसली. तबल्याची पुडी चिखलाने लोळागोळा झाली होती. पेटीचा सरस विरघळून तिच्या फळ्या एकमेकींपासून सुटल्या होत्या, आणि भात्याचा तर निव्वळ लगदा झाला होता. तथापि फळी उचलून पाहतो तो आतील सुरांच्या पितळी पट्ट्या चिखलाच्या थराखाली जशाच्या तशा शाबूत. लाकूड, कातडे, कापड आणि सरस हे सारे पाण्याचे भक्ष्य होते. पितळ तेवढे उरले होते. मालकाची रीतसर परवानगी घेऊन मी त्या पट्ट्या घरी आणल्या, गोड्या पाण्याने धुतल्या, सावलीत वाळविल्या, आणि एका माहीतगार सुताराकडून त्यांना नवा सांगाडा करवून घेतला. त्या पेटीवर आज एका वाडीचे भजन चालते.

हा प्रकार षट्कर्णी झाल्यावर मुंबईहून निरोप येऊ लागले. त्यांतील पहिला निरोप गिरगावातील एका वृद्ध बाईंचा होता. यजमान हौसेने वाजवीत, ते निवर्तल्यापासून पेटीवर मखमली आच्छादन पडले होते ते कोणी काढले नव्हते. मी जाऊन पोहोचलो, चहा झाला, पेटी खाली उतरवली गेली, आणि मी आभाराचे चार शब्द बोलण्याच्या बेतात असता आजीबाई म्हणाल्या, "पेटी न्याल हो, पण ती वाजवणार कोण, ते आधी सांगा." मी म्हटले, "आजी, गावातल्या भजनी मंडळाला देणार." त्यावर त्या म्हणाल्या, "मंडळ नाही वाजवत. मंडळातलं कोण वाजवणार? नाव सांगा." माझ्यापाशी तेव्हा नाव नव्हते. गावी येऊन, मुलगा मुक्रर करून, त्याचे नाव आणि इयत्ता कळविल्यावरच ती पेटी माझ्या ताब्यात आली. पुढे इतरही दात्यांकडून अनेक वाद्ये मिळाली. परंतु हा प्रश्न इतक्या थेटपणे कोणी विचारला नाही, आणि माझ्या मते दानाच्या संपूर्ण व्यवहारात विचारण्याजोगा प्रश्न हाच एक आहे.

ती पेटी आमच्या पडवीत खोलली त्या दिवशीची गोष्ट. चिपळूणकडून येणारे एक कारागीर आहेत. फार बोलत नाहीत. त्यांनी वरची फळी काढली तेव्हा आत झुरळांची जुनी अंडी, कसरीने खाल्लेले बनातीचे तुकडे, आणि एका पट्टीखाली कोणे एके काळी फट बुजविण्यासाठी कातरून घातलेली पोस्टकार्डाची चिंधोटी निघाली. सफाई झाल्यावर त्यांनी एकेक सूर तोंडाने फुंकून पाहिला आणि पट्टी पुन्हा जागेवर बसवली. ज्याचे नाव आजीबाईंना कळविले होते तो आठवीतला मुलगा उंबऱ्यावर बसून हे सर्व न्याहाळीत होता. कारागिरांनी सप्तक वाजवून दाखविताच तो म्हणाला, "काका, हिचा धैवत खाली बसलाय वो." संगीताच्या कोणत्याही वर्गाचे तोंड त्याने पाहिले नव्हते, कान मात्र लहानपणापासून भजनात तयार झालेला होता. कारागिरांनी एकवार त्याच्याकडे पाहिले, पोलादी पातळ पाते त्या सुराच्या पितळी जिभेखाली सरकवले, आणि जिभेच्या टोकाशी अगदी हलक्या हाताने चारदोनदा खरवडले. टोकाशी घासले की सूर चढतो आणि मुळाशी घासले की उतरतो. मग षड्ज दाबून धरून धैवत पुन्हा तपासला, आणि पुढचे सूर लावताना त्यांनी मान वर करून त्या मुलाकडे पाहावे, त्याने मान डोलवावी, असे सुमारे तासभर चालले.

पेटीच्या नशिबी आलेल्या मानापमानाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. युरोपात जन्मलेले हे वाद्य पायाने भाता मारून वाजविले जात असे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला हाताचा भाता जोडला, आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांच्या ते मांडीजवळ आले. संगीत रंगभूमीने त्याला डोक्यावर घेतले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्याला मैफलीत बसविले. परंतु त्याचे सूर ठोकळ आणि अचल, त्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, अशी तक्रार विद्वानांनी लावून धरली, आणि 1940 साली आकाशवाणीने त्यास आपल्या केंद्रांतून हद्दपार केले. ही बंदी शिथिल होण्यास 1971 साल उजाडावे लागले. त्या तक्रारीत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण ज्या तीस वर्षांत शहरातील जाणकार पेटीकडे पाहून नाके मुरडीत होते, त्याच तीस वर्षांत कोकणातील भजनी मंडळांनी, कीर्तनकारांनी आणि हौशी नाटकमंडळ्यांनी ती एक दिवसही बंद पडू दिली नाही, कारण त्यांना तो फतवा ठाऊकच नव्हता. आणि ज्यांनी पुढे नाट्यसंगीताच्या साथीने महाराष्ट्रास वेड लावले ते गोविंदराव पटवर्धन (1925–1996) मूळचे याच गुहागर तालुक्यातील अडूरचे, हे मी दात्यांना आवर्जून सांगतो. त्याने पेटी देणाऱ्याचा हात थोडा सैल होतो असा माझा अनुभव आहे.

आता अडचणींविषयी. दात्यास वाटते की वाद्य म्हणजे वाद्य. ते कोणासही चालावे. वास्तविक तसे नसते. शहरातील घरांतून जे तबले येतात ते पुष्कळदा मोठ्या तोंडाचे, पांढरी एक किंवा काळी एक यांत लागणारे. ते घरातल्या गायकाच्या खर्जातल्या आवाजासाठी घेतलेले असतात. आमच्याकडील भजनी बुवा मात्र काळी चारच्या खाली सहसा उतरत नाहीत, आणि डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांच्या चढाओढीचा, सामना असेल तर त्याच्याही वर जाण्यास कमी करीत नाहीत. मोठ्या तोंडाचा तबला इतका चढवू गेले की वादी तुटते किंवा पुडी फाटते. शिवाय दोन निरनिराळ्या घरांतल्या जुन्या पेट्या एकमेकींशी सुरांत जुळतील याची शाश्वती नाही. प्रत्येक पेटी आपल्या काळाचा षड्ज घेऊन येते. म्हणून मी आता वाद्य घेण्यापूर्वी फोनवरच ते वाजवून दाखविण्याची विनंती करतो. काही दात्यांना ती आगाऊपणाची वाटते.

याहून अवघड प्रकरण मृदंगाचे. गुहागर तालुक्यात नमन-खेळ्यांची परंपरा आजही जिवंत आहे. शिमग्यात पालखी नाचते, संकासुर येतो, गण-गवळण होते, आणि या साऱ्याचा कणा मृदंग असतो. नमन शिकू पाहणाऱ्या पोरांना खरी गरज त्याची. आणि दादरच्या कोणत्याही बिऱ्हाडाच्या माळ्यावर नमनाचा मृदंग सापडत नाही, कारण तो तेथे कधी गेलाच नव्हता. चाकरमानी खेळे मुंबईहून शिमग्याला येत, वाडीतला मृदंग वाजवीत आणि परत जाताना वाडीतच ठेवीत. तेव्हा जुनी वाद्ये गोळा करून परंपरा जगवावी हा विचार पेटी आणि तबला यांच्यापुरताच लागू पडतो. मृदंगासाठी रोख रक्कमच लागते, आणि येथे दानशूर मंडळींचा उत्साह चटकन ओसरतो. माळ्यावरची वस्तू देण्यात जागा मोकळी झाल्याचे समाधान असते. कोणा अनोळखी वाडीच्या मृदंगास नवे कातडे चढवावे म्हणून पैसे पाठविण्यात तसे कोणतेच समाधान नसते. मला हे उशिरा उमगले असे नाही. मी ते पहिल्यापासून ताडून होतो. म्हणून एखाद्याने पेटी देऊ केली की मी नम्रपणे विचारतो, हिच्या भात्याचा, सुरांचा आणि पुढील काही वर्षांच्या डागडुजीचा भार आपण उचलाल काय? निम्मे दाते येथेच गळतात. उरतात ते खरे.

एकदा पुण्याहून एक तंबोरा आला. मिरजेचा, हस्तिदंती रंगाच्या नक्षीचा, भला थोरला भोपळा. मिरजेतील शिकलगार कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारे घडविण्याचा पिढीजात धंदा सोडून तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. तेथील सतार आणि तंबोरा यांस 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले आहे. पाहणाऱ्याची नजर हटू नये असे ते वाद्य होते, परंतु येथे त्याचा उपयोग कोणास? भजनाला तंबोरा लागत नाही, नमनाला लागत नाही, आणि समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या दमट वाऱ्यात तारांना गंज चढण्यास एक पावसाळाही पुरतो. मंडळाच्या एका कार्यकर्त्याने तो देवळात शोभेसाठी टांगावा अशी सूचना केली. ती मी हाणून पाडली. अखेर जवारी पुन्हा लावून घेण्यासाठी तो मिरजेस पाठविला, आणि तेथून आल्यावर गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या, रत्नागिरीत राहून गाणे शिकणाऱ्या आमच्याच तालुक्यातील एका मुलीच्या स्वाधीन केला. तो गुहागरात राहिला नाही याबद्दल काहींची नाराजी अद्याप आहे.

वाद्य देताना मी एक कागद करून घेतो. सदरहू वाद्य मंडळाच्या हवाली केले आहे, बक्षीस दिलेले नाही. ज्या मुलाच्या नावे ते दिले त्याने शिकणे सोडल्यास ते परत करावे. दुरुस्ती परस्पर करू नये. अशी त्यात कलमे आहेत, आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. लोक प्रथम हसले. परंतु शेजारशेजारच्या दोन वाड्यांत एका पेटीवरून जेव्हा वाद उपस्थित झाला, तेव्हा त्याच कागदाचा आधार घेऊन समेट घडवून आणता आला. गणेशचतुर्थीपासून दिवाळीपर्यंत पेटी एका वाडीकडे, आणि तेथून शिमगा उरकेपर्यंत दुसरीकडे, असे ठरले. पावसाळ्यात गणेशचतुर्थी येईपर्यंत मात्र तिला कोणीच घ्यावयास तयार होईना, कारण त्या दिवसांत लाकूड फुगून पट्ट्या अडकतात आणि भात्याला बुरशी धरते. तेव्हा तेवढे दिवस ती माझ्या घरी कपाटात असते. आत कापराच्या वड्या ठेवल्या आहेत आणि हवा कोरडी राहावी म्हणून एक लहान दिवा अहोरात्र जळत असतो. दोन्ही वाड्यांतली पोरे सवड मिळेल तशी येऊन तिच्यावर हात फिरवून जातात, आणि त्या दिव्याचे विजेचे बिल कोणत्या वाडीने भरावे हा मुद्दा मंडळाच्या बैठकीत अद्याप निकालात निघालेला नाही.