दिनविशेष : ५ मे

दिनविशेषाच्या सदरात जन्म आणि मृत्यू एकेका ओळीत उरकतात. ५ मे या तारखेखाली मला तीन नोंदी आढळतात : १८१८, कार्ल मार्क्सचा जन्म, १८२१, सेंट हेलेना बेटावर नेपोलियनचा मृत्यू, १९१८, बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचे निधन. मार्क्सच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली नेमक्या त्याच दिवशी बालकवी गेले, हा निव्वळ योगायोग. त्यातून अर्थ काढू नये.

अर्थ असलाच तर तो स्थळात आहे. भादली हे जळगाव-भुसावळ दरम्यानचे लहानसे स्टेशन. तेथे रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी हा कवी संपला. जन्म धरणगावचा, ‘बालकवी’ ही पदवी १९०७ च्या जळगावातील कविसंमेलनातली आणि अंत भादलीचा. तिन्ही गावे एकाच जिल्ह्यातली. पण दिनविशेषाच्या ओळीत गावाला जागा नसते.

शिवाय ५ मे भर सुट्टीत येतो. खानदेशात तेव्हा ऊन रणरणत असते आणि फळ्यावर दिनविशेष लिहायला कोणी नसते. धुळ्यात देह ठेवलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांची गत निराळी नाही : त्यांची तारीख ३१ डिसेंबर १९२६, ती सरत्या वर्षाच्या गोंगाटात बुडते.

म्हणून मी बालकवी शिकवतो तो १३ ऑगस्टला, त्यांच्या जन्मदिनी. शिवार हिरवे असते, वर्ग भरलेला असतो. शेवटी मृत्यूची तारीख आणि स्टेशनाचे नाव सांगतो. तेव्हा भादलीहून रोज ये-जा करणारी मुले वहीतून मान वर काढतात.