पाटी

आमच्या भांडी बाजारातल्या दुकानाची पाटी आजोबांनी लावली. १९६९ च्या महापुरात गोदामाईने दुकानातली घंगाळे-तपेली नेली. पाटी मात्र जागची हलली नाही. म्हणून पुतण्याने इंटरनेटवर दुकान थाटले तेव्हा मी ऐटीत विचारले, "पाटी कुठं लावलीस?"

"काका, तिथली पाटी म्हणजे डोमेन. माल मांडायचा गाळा म्हणजे होस्टिंग. तो दूरच्या एका यंत्रावर भाड्याने घेतलाय. आणि गिऱ्हाइकाचे पैसे घेणारा गल्ला, तो पेमेंट गेटवे."

गल्ल्याला एवढे भारदस्त नाव! २०१४ पासून 'डॉट भारत' अशी देवनागरी पाटीही मिळते म्हणतात. याने आपली 'डॉट कॉम' घेतली.

गेल्या श्रावणात एका सकाळी दुकानच दिसेना. तिथली पाटीसुद्धा मुदतीचीच. पैसे भरायचे राहून गेले होते. आठवणीची पत्रे रद्दी टपालात पडलेली. मुदत टळल्यावर थोडी सवड मिळते, मग महिनाभर जबर दंड भरून नाव सोडवता येते. त्यानंतर ते कुणीही घ्यावे. आजोबांचे नाव, आणि कुणीही!

पोरगा रडवेला झाला. मी मुकाट्याने दंडाचे पैसे काढून दिले. चार दिवसांनी नाव परत आले.

आता भिंतीवरच्या कॅलेंडरात, विजेच्या बिलाखाली, ती तारीख मीच लिहून ठेवतो.