दाराच्या आतली नोकरी

आमच्या अंबरनाथच्या मोहल्ल्यात ‘जेलमध्ये आहे’ या वाक्याचा एकच अर्थ होतो. त्यामुळे आमच्या उर्दू शाळेतून दहावी होऊन पुढे बारावी झालेली एक मुलगी घरी आली आणि “टीचर, मला जेलमध्ये लागायचंय,” म्हणाली, तेव्हा अम्मी हातातले लाटणे घेऊनच बाहेर आली. “या अल्लाह! कुणी काय केलं?”

मुलीला कारागृह शिपाई व्हायचे होते. मी मराठी शिकवते, म्हणून ती माझ्याकडे आली होती. मुलींनी शिकावे, नोकरी करावी असे प्रत्येक पालकसभेत सांगणारी मी तिला काय म्हणाले? “पोलीस ठीक आहे गं, पण जेल? त्यापेक्षा डी.एड. कर.”

तिचे अब्बा रिक्षा चालवतात. अम्मी उल्हासनगरच्या कारखान्यांतून येणाऱ्या जीन्सचे धागे घरी बसून कापते. अब्बांचा आक्षेप माझ्याहून सरळ होता. “आत आपलीच पोरं जास्त. त्यांच्यावर आपल्याच मुलीनं कुलूप लावायचं?” यात खोटे काही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के. तुरुंगातले प्रमाण त्याहून बरेच अधिक, हे सरकारी आकडेच वर्षानुवर्षे सांगतात. त्यात बहुतेक कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडचे असे कैदी बहुधा कल्याणच्या आधारवाडीत जातात. त्या तुरुंगाची क्षमता ५४०, आणि आत कित्येकदा त्याच्या तिपटीहून जास्त माणसे. एवढ्यांना सांभाळणारे हात किती असतील, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता.

मुलीला मात्र सगळे ठाऊक होते. आठशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे, चार किलोचा गोळा, मिळून ५० गुण. मग १०० गुणांची लेखी परीक्षा. उंची १५५ सेंटीमीटर हवी, तिची त्याहून थोडी जास्तच. निवड झाल्यावर प्रशिक्षण. नंतर बढतीने हवालदार, सुभेदार. सकाळी बरॅक उघडताना गिनती, संध्याकाळी बंद करताना गिनती, आणि एक माणूस जरी कमी भरला तरी जुळेपर्यंत कुणी हलायचे नाही. रात्रीचा पहारा, झडती, मुलाखतीची नोंद. कैद्यांना कोर्टात नेतात ते पोलीस, तुरुंगाचे शिपाई नव्हेत, हेही तिनेच मला सांगितले. महिला विभागात महिला शिपाई सोबत असल्याशिवाय पुरुष अधिकाऱ्यालाही जाता येत नाही. सहा वर्षांपर्यंतची मुले आईबरोबर तिथे राहू शकतात. “म्हणजे बायका लागणारच ना, टीचर?”

मी तिला भायखळ्याची आठवण दिली. जून २०१७ मध्ये तिथल्या महिला कारागृहात मंजुळा शेट्ये या कैदी बाईचा मृत्यू झाला. भांडण अंडी-पाव कमी भरल्याचे. मारहाणीचा आरोप झाला आणि सहा महिला कर्मचाऱ्यांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली. त्याही कधी गोळा फेकून, परीक्षा देऊन आलेल्या मुलीच असतील. उद्या तुझा हात उठला तर? ती बराच वेळ गप्प बसली. “भीती वाटते,” एवढेच म्हणाली. हे उत्तर मला आवडले. ‘मी तशी नाही’ असे ती म्हणाली असती तर मी कदाचित शिकवणी घेतली नसती.

लेखी परीक्षा मराठीत. आमची मुले घरी एक बोलतात, शाळेत दुसरे लिहितात आणि अडतात ती तिसरीत. पण या नोकरीचे शब्द बघा: हवालदार, सुभेदार, शिपाई, कैदी, जामीन, मुलाखत. सगळे आमच्याच फारसी-अरबी घराण्यातले. मुलीला गंमत वाटली. समास मात्र फारसीतून येत नाहीत. गेल्या भरतीत मैदानी चाचणीत ती छान निघाली आणि लेखी परीक्षेत थोडक्यात राहिली. आता दर रविवारी येते.

मागच्या रविवारी तिला मी अशी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या घरात कुणी बोलत नाही. मी सात वर्षांची असताना माझे मामू तीन महिने आत होते. पुढे निर्दोष सुटले. ईदच्या दुसऱ्या दिवशी अम्मी शीरखुर्म्याचा डबा घेऊन, माझा हात धरून तुरुंगाच्या दारात उभी होती. घरचे जेवण आत जात नाही, हे तिला माहीत नव्हते. खाकी साडीतल्या बाईने डबा उघडला, वास घेतला, परत झाकण लावले. “हे आत जात नाही, बाई. पोरीला द्या.” आवाज चढवला नाही, हसलीही नाही. अम्मी मामूंना भेटून येईपर्यंत मी त्या बाईच्या स्टुलाशेजारी बसून अर्धा डबा संपवला. तो खाल्ल्याबद्दल घरी मार बसला, तो वेगळा.

मुलीने विचारले, “त्यांचं नाव काय होतं? छातीवर पट्टी असते ना.”

पट्टी होती. पण तेव्हा मला मराठी वाचता येत नव्हते.

तिने वही पुढे ओढली आणि बहुव्रीही समासाचे पान उघडले.