समुद्र नसलेल्या गावात समुद्रकाठची गावं शिकवताना



हल्ली घराघरांतल्या मोबाइलवर दक्षिण इटलीतल्या समुद्रकाठच्या गावांचे व्हिडिओ खूप येतात. डोंगरउताराला चिकटलेली अमाल्फीची घरं, बारीच्या जुन्या दगडी गल्ल्या, पुलाने जोडलेलं बेटावरचं गल्लीपोली. मोठ्यांसोबत मुलंही ते बघतात. किनारपट्टीचा भाग शिकवत असताना चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्याकडे असं काहीच कसं नाही? आपल्याकडे तर नुसतं ऊन आणि टँकर." सगळा वर्ग हसला. पण प्रश्न खरा होता. आपला भाग कोरडा, आपल्याकडे बघण्यासारखं काही नाही, हे मूल नवव्या वर्षीच धरून बसलं तर पुढे त्याला इतिहास-भूगोल शिकवून काय उपयोग? म्हणून हा लेख.

आधी हे बघू की लोकांना ती गावं एवढी आवडतात का. निळं पाणी तर आहेच. पण निळं पाणी जगात पुष्कळ ठिकाणी आहे. या गावांची खरी गंमत अशी की तिथे बाहेरून आलेला माणूस काहीतरी ठेवून गेलेला आहे आणि ते अजून वापरात आहे. नेपल्स हे नाव ग्रीक 'नेआपोलिस'वरून आलं, म्हणजे नवं नगर. गल्लीपोली म्हणजे सुंदर नगर, तेही ग्रीकच. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोक जहाजांतून आले आणि इथे राहिले. सालेंतो भागातल्या काही खेड्यांत म्हातारी माणसं आजही 'ग्रिको' नावाची ग्रीक वळणाची बोली बोलतात. बारी शहरात संत निकोलसचे अवशेष आहेत. ते १०८७ मध्ये तिथल्या खलाशांनी आजच्या तुर्कस्तानातून आणले. म्हणजे गावाचं नाव, बोली आणि देवस्थान, तिन्ही समुद्रातून आलेलं!

आणखी एक गोष्ट मुलांना फार आवडते. बारीच्या जुन्या भागात बायका दारात टेबल मांडून पिठाचे छोटे छोटे कान वळतात. त्या पास्त्याचं नावच 'छोटे कान' अशा अर्थाचं आहे. हे सांगितलं की मुली लगेच म्हणतात, "आमची आजी गव्हले करते, नखुल्या करते!" बरोबर आहे. उन्हाळ्यात आपल्या दारातही बाजेवर हेच चालतं. एवढ्या एका गोष्टीने ते गाव जवळचं होतं.

आता आपला किनारा घेऊ. अलिबागजवळ चौल आणि रेवदंडा आहे. चौल हे फार जुनं बंदर. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथेच उतरला आणि पुढे जुन्नर, बिदरपर्यंत गेला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. पोर्तुगीज आले, त्यांनी तटबंदी बांधली, चर्च बांधली. तिथे बेने इस्राएल ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आणि खाडीपलीकडे कोर्लई. पोर्तुगीजांची इथली सत्ता १७४० मध्ये संपली. पण कोर्लईतली काही कुटुंबं आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली घरात बोलतात. सत्ता जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटली, तरी आईने बाळाशी बोलायची भाषा राहिली. इटलीतल्या ग्रिकोसारखंच हे.

आपण शिक्षकांनी इथे थोडं थांबावं असं मला वाटतं. आमच्या शहागंज भागातल्या वर्गात कुणी घरी दखनी बोलतं, कुणी बंजारा बोली, कुणी अहिराणी वळणाची मराठी. मूल वर्गात घरचा शब्द बोललं की आपण "असं नाही म्हणायचं" म्हणून मोकळे होतो. कोर्लईची बोली अभ्यासायला लोक लांबून येतात. मग आपल्या वर्गात असलेली बोली चूक कशी? ती बोली म्हणजे कुणीतरी कुठून तरी इथवर आल्याची खूण आहे.

पण मुलीचा प्रश्न अजून राहिलाच: समुद्र नसलेल्या मराठवाड्याचं काय?

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि नेपल्सच्या उपसागराजवळचं पोंपेई शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घराच्या उत्खननात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती मिळाली. उंची साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या फूटपट्टीपेक्षाही कमी. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. मूर्ती भारतीय होती! तिला 'पोंपेईची लक्ष्मी' म्हणू लागले. पुष्कळ अभ्यासक तिला यक्षी मानतात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आणि तिच्यासारख्या हस्तिदंती मूर्ती कुठे सापडल्या? धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. म्हणून पोंपेईची मूर्ती आपल्याच भागातल्या कारागिराने घडवली असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

भोकरदन म्हणजे आमच्या मुलांच्या मामाचं गाव! एसटीने दोन-अडीच तासांत पोचतो आपण. हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला.

माल जात कसा होता, तेही मुलांना सांगता येतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, पैठण आणि तगर म्हणजे तेर यांची नावं आहेत. तिथून माल गाड्यांवर लादून भडोचला नेत, असं त्यात लिहिलं आहे. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड, तेरहून सुती कापड. दुसरी वाट नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरायची. घाटातला तो दगडी रांजण जकातीची नाणी टाकायला होता असं सांगतात. बंदरातून जहाज मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रात, तिथून उंटांवरून नाईल नदीपर्यंत, नदीतून अलेक्झांड्रिया आणि मग पुन्हा जहाजाने इटलीचा दक्षिण किनारा. केवढा प्रवास!

म्हणजे बंदर हे दार आणि आपण होतो घर. घरात काही पिकलं, विणलं, घडवलं तर दारातून बाहेर जाणार. किनाऱ्यावरच्या त्या देखण्या गावांची श्रीमंती आपल्यासारख्या आतल्या गावांतल्या विणकरांच्या, कारागिरांच्या हातांवर उभी होती. हे पुस्तकात दोन ओळींत येतं, पण मुलाला ते 'आपलं' म्हणून कळलं पाहिजे.

आणि दारातून माणसंही आत आली. आपलं शहर १६१० मध्ये 'खडकी' म्हणून वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, समुद्र ओलांडून दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा वजीर झाला. टँकरचा विषय निघालाच आहे तर हेही सांगावं, की जमिनीखालून नहर आणून या शहराला पाणी देण्याचं काम त्यानेच केलं.

वर्गात करून बघण्यासारखं थोडं:

१. भिंतीवर जगाचा नकाशा लावा. भोकरदन, पैठण, भडोच, अलेक्झांड्रिया, नेपल्स इथे टाचण्या लावून त्यांना एकच दोरा बांधा. दोरा मुलांनाच ओढू द्या.

२. घरातल्या आजी-आजोबांना विचारून बाहेरून आलेले पाच शब्द आणा. चावी, पगार, बटाटा, पाव हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हे ऐकून पालकही चकित होतात.

३. सहल ठरवताना वॉटर पार्कसोबत तेरच्या लामतुरे संग्रहालयाचाही विचार करा. पैठण तर जवळच आहे.

पालकांना एक विनंती. मूल मोबाइलवर इटलीचं गाव बघत असेल तर लगेच रागावू नका. शेजारी बसा, गाव कुठलं ते विचारा आणि त्याला सांगा, की या किनाऱ्यावर दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडची एक वस्तू पोचली होती. मग त्याला भोकरदनला घेऊन जा. तिथे निळं पाणी नाही. पण मूल त्या मातीकडे वेगळ्या नजरेने बघेल, आणि दहा प्रश्न विचारेल. त्यांतले दोन-तीन आपल्यालाही येणार नाहीत. ते शाळेत पाठवून द्या, आम्ही मुलांसोबत मिळून शोधू.