दोन इंचांची हौस

सध्या पोस्टिंग बंगळूरला. आमच्या युनिटमधल्या साताऱ्याच्या पोराने यशवंतपूरच्या एका गॅरेजात आपल्या फोर बाय फोर पिकअपला लेव्हलिंग किट बसवलं आणि रविवारी दाखवायला आणली. "उस्ताद, नाक वर आलं की नाही?"

मी गाडीखाली शिरलो. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर इंचभराचा स्पेसर. तेवढ्याने बोनेट दोन इंच उचललेलं. पण ॲक्सल तिरपा झालेला, रबरी बूट ताणलेला. बूट फाटला की ग्रीस उडतं, धूळ शिरते, सीव्ही जॉइंट जातो. वरचा बॉल जॉइंटही टोकाला आलेला. चाकाला खाली जायला जागा उरली नव्हती; खड्ड्यात दणका तिथेच बसणार. अलाइनमेंट तर केलंच नव्हतं.

"अरे, मागे माल भरल्यावर गाडी सपाट यावी म्हणून कंपनी नाक खाली ठेवते. आता भरलीस, की हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत."

पुढच्या आठवड्यात तो बायको-पोरीला घेऊन हुबळी-बेळगावमार्गे गावी निघणार होता. गप्प झाला. सोमवारी स्पेसर काढून, अलाइनमेंट करून आला.

सुट्टीवर गेल्यावर फोन आला, "उस्ताद, पोचलो."

एवढंच ऐकायचं होतं. जय हिंद.