महेश्वरच्या घाटावर

साडीच्या दुकानात गेलं, की माझं एक ठरलेलं वाक्य असतं, "अहो, तुम्हीच सांगा ना, कुठली घेऊ?" हे एखादी दाखवतात, मी ती घेते आणि पुढं वर्षभर शेजारणींना ऐकवते, "मला मेला तो रंग तेव्हाच आवडला नव्हता. ह्यांनी घ्यायला लावली!" तुमच्यापैकी कितीजणी असं करतात, कोण जाणे. मला मात्र या खोडीचा हिशेब महेश्वरला द्यावा लागला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता इंदूरला भाचीच्या लग्नाला गेलो होतो. तिथून महेश्वर नव्वदेक किलोमीटर. आग्रा रोडनं धामणोदपर्यंत यायचं, तिथे बस बदलायची, की अर्ध्या-पाऊण तासात नर्मदाकाठ.

किल्ल्यातला राजवाडा पाहून आधी नवलच वाटलं. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्यासारखा. लाकडी खांब, ओसरी आणि अहिल्याबाईंची साधी पांढरी बैठक. झुंबरं नाहीत की आरसे नाहीत. 1754 साली कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे यजमान खंडेराव गेले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी अडवलं. 1766 साली ते सासरेही गेले आणि 1767 साली एकुलता एक मुलगा. यातलं काहीएक बाईंच्या हातात नव्हतं. पण पुढं काय करायचं, ते त्यांनी ठरवलं. कारभार स्वतःकडे घेतला, फौज तुकोजीरावांकडे सोपवली, राजधानी इथे आणली आणि 1795 पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, राज्य सांभाळलं. आपल्या प्रत्येक कृत्याचा जाब देवापुढे आपल्यालाच द्यायचा आहे, अशा अर्थाचं एक वचन त्यांच्या नावानं सांगतात. ते ऐकलं आणि मनात कुठंतरी टोचलं.

तिथून हातमाग बघायला गेलो. बाईंनीच विणकर आणून इथे वसवले, असं सांगतात. मध्यंतरी हा धंदा बसला होता. 1970 च्या दशकात 'रेहवा' ही संस्था निघाली आणि बायकांच्या हाताला पुन्हा काम मिळालं. मागावर बसलेल्या एका ताईंचा धागा तुटला. त्यांनी धोटा बाजूला ठेवला, गाठ मारली आणि पुन्हा सुरू. मी विचारलं, "चूक झाली तर?" हसून म्हणाल्या, "जितकं चुकलं तितकं उसवायचं. दुसरं कोण उसवणार?"

संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. दिवे सोडणं चाललं होतं. गेली पंचवीस वर्षं मी घरात एक गोष्ट सांगत आले आहे, की ह्यांच्यामुळे माझं बी. एड. राहिलं. लेकीलाही तेच सांगितलं. खरं असं, की प्रवेशाचा अर्ज भरून कपाटात ठेवला होता. हे म्हणाले होते, "तू बघ, तुला झेपेल का ते." मला भीती वाटली. लहान मूल, सासूबाईंचं दुखणं, त्यात आपण नापास झालो तर? शेवटची तारीख मीच जाऊ दिली. अडचणी खोट्या नव्हत्या हो. पण 'नको' मी म्हटलं होतं.

ह्यांना तसं बोलून दाखवलं. हे बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मलाही 'तू कर, मी मुलाला बघतो' म्हणता आलं असतं. तेवढं माझ्या नावावर लिही."

घरी आल्यावर लेकीला खरं ते सांगितलं. ती आधी चिडली, मग म्हणाली, "आई, आता माझ्या नोकरीचं मी ठरवलं, तर 'आईनं सांगितलं' असं मलाही म्हणता येणार नाही!" बी. एड. आता राहिलंच. पण गल्लीतल्या चार मुलांना दुपारी गणित शिकवायला बसवलं आहे. ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

आणि हो, मैत्रिणींनो, जाणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. निमाडचा उन्हाळा भाजून काढतो. महेश्वरी साडी विणकरांकडेच बघून घ्या. मी जांभळी घेतली. घरी आणल्यावर उजेडात पाहिली, तर जरा भडकच आहे.

पण रंग माझा मी निवडला आहे. नेसते!